दुसऱ्यांदा विस्तवावर

ट्रकसुद्धा म्हातारे होऊन भंगारात निघू लागले, त्या काळातली ही गोष्ट.

सगुणा लोहारणीने भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा आणला, भट्टीत लाल केला आणि ठोकून ठोकून त्याची सुरी घडवली. सुरी जन्मतःच चौकस. "हे काय? ते कशाला?" असं तिचं अखंड चालू असे. सगुणाने तिला चर्रकन पाण्यात बुडवलं आणि तिच्यावर लोखंड झिजवायची कानस घासून पाहिली, तर कानसही घसरली.

"आता झालीस माझ्या तोलाची!" कानस म्हणाली.

पण सगुणाने सुरी पुन्हा मंद निखाऱ्यांवर शेकायला ठेवली.

"बाई, कडक झाले ना मी? मग परत विस्तव कशाला?"

"पडशील तेव्हा कळेल," सगुणा म्हणाली.

कानस खिदळली. "मऊ करतेय तुला! मला नाही कुणी दोनदा शेकलं."

दुसऱ्या दिवशी बोक्याने उडी मारली, सुरी आणि कानस ठेवलेली फळी कलंडली आणि दोघी दगडी फरशीवर आदळल्या. सुरी टणकन उडाली, जराशी थरथरली, पण अख्खी राहिली. कानशीचे मात्र दोन तुकडे झाले.

"फेकायचे कशाला? यांच्याही दोन सुऱ्या होतील," म्हणत सगुणाने तुकडे भट्टीत सारले.

आतून बारीक आवाज आला, "बाई, मलाही दोनदा शेकाल ना?"