उद्यानाखालचे कुंड

उतारावर वसलेले एक नगर होते. पावसाळ्यात वरच्या पेठांचे पाणी धावत सुटे आणि खालच्या कुंभारआळीत शिरे. म्हणून तेथील राजाने मधल्या उद्यानाखाली एक विशाल कुंड खोदविले. वर हिरवळ, खाली पाणी. पाणी आत उतरण्यास एकच तोंड होते व त्यावर लोखंडी जाळी. जाळीत अडकलेला पाला रोज काढण्याचे काम कुंभारआळीतील एका वृद्धेने आपणहून पत्करले होते.

नगरजन भाविक. जाळीखालचा खळखळाट ऐकून त्यांनी तेथे हात जोडले. मग हळदकुंकू आले, मग हार आले. एका वर्षी नामसप्ताह संपला आणि नगरशेठ टोपल्या भरभरून निर्माल्य त्या जाळीतून आत लोटू लागले.

"शेटजी, जरा दमानं," वृद्धा म्हणाली. "हार देवाच्या गळ्यात घालतात, घशात कोंबत नाहीत."

लोक हसले. शेठ रागावले. "आजी, ही गंगामाई आहे. तिचे निर्माल्य तू केरासारखे उपसतेस? आजपासून जाळीला हात लावायचा नाही!"

"बरं. तेवढीच कंबरेला विश्रांती," ती म्हणाली, पण घरी जाताना तिने तीनदा मागे वळून पाहिले. तिची महिन्याभराची कच्ची मडकी अंगणात वाळत होती.

चौथ्या दिवशी पावसाची झड लागली. जाळी चोंदली. कुंड रिकामेच राहिले आणि पाणी उद्यानावरून थेट कुंभारआळीत घुसले.

उजाडल्यावर शेठ खाली आले. वृद्धा मडक्यांचा चिखल ओंजळीने गोळा करीत होती.

"आजी, चुकलो. आता तुला कोणी अडवणार नाही."

"नका अडवू. पण शेटजी, आता हातच उचलत नाहीत हो."

शेठ तसेच मागे वळले. ते उद्यानात गेले, गुडघाभर गाळात बसले आणि स्वतःच वाहिलेले हार ओढून काढू लागले. कुजलेल्या झेंडूच्या वासाने ओठांवर अभंग येईना. माध्यान्ह टळली, देवपूजा राहिली. अखेर पाणी गडगडत आत उतरले. तरी शेठ उठले नाहीत. अजून बराच पाला उरला होता.

तात्पर्य एवढेच, बाळांनो: जे आपल्याला तारते, त्याची वाट मोकळी ठेवणे हीच त्याची पूजा, आणि ती करणारे हात थकण्याआधी आपले हात पुढे व्हावेत.