माघारी घेतलेले दुखणे

आंबेसावळीच्या टेकडीवर सिद्धनाथाचे देऊळ आहे. अठरा पायऱ्या चढल्या की फरसबंदी अंगण, आणि अंगणाच्या टोकाला गाभारा. या देवळाच्या ओवरीत निवांत महाराज अकरा वर्षे राहिले. महाराजांची धुनी कधी विझली नाही, आणि दारी आलेल्याला "जेवलास का रे?" असे विचारल्याशिवाय त्यांनी दुसरा शब्द काढला नाही.

गावात कोष्ट्यांची वीस घरे. दर चैत्रात सिद्धनाथाला नवा शेला चढे. तो विणण्याचा आणि आपल्या हातांनी गाभाऱ्यात नेण्याचा मान नारबा कोष्ट्याच्या घराण्याचा. नारबा साधा, देवभोळा. चार वर्षांपासून त्याला कंपवाताने धरले होते. उजवा हात थरथरे, पण हाताचे तो कसेबसे निभावून नेई. पाय मात्र फार छळी. पावलाची बोटे एकाएकी आत वळत आणि ओले धोतर पिळावे तसा तळव्याला पीळ पडे. बायको यसूबाई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक देई, तिळाचे तेल चोळी. घटकाभर पाऊल सैल होई, की पुन्हा वळे.

दुखण्याहून नारबाला लाज जड झाली होती. माग खड्ड्यातला, विणकराचे पाय खाली, दाबायच्या पावड्यांवर, ते कुणाच्या नजरेस पडत नाहीत. म्हणून काम नसले तरी तो खड्ड्यातच बसून राही. पंगतीत खांबाआड बसे आणि वाकडे पाऊल धोतराखाली दडवी.

त्यात या आजाराची खोड विचित्र. पायऱ्या तो सरळ चढून जाई आणि सपाट अंगणात आला की पाऊल जमिनीला चिकटून बसे! कोष्ट्यांचा मुख्य दाजीबा मेहेत्रे याने एका सोमवारी हे पाहिले. दाजीबा म्हणजे ताठ मानेचा माणूस. देवापुढे हात जोडी, पण तिथेही वाकत नसे.

"वा रे सोंगाड्या!" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "अठरा पायऱ्या चढतो आणि सपाटीवर अडतो! अरे, माझी म्हातारी म्हैससुद्धा चढाला अडते, सपाटीला नाही."

लोक हसले. नारबा खाली बघत म्हणाला, "मेहेत्रे, असं का होतं ते मलाच कळत नाही हो."

"मला कळतं. काम नको, मान मात्र हवा. ऐक, या चैत्रात शेला घेऊन पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत आपल्या पायांनी गेलास तर मान तुझा. नाही पोचलास तर तो माझ्या घरी येईल."

घरी येऊन नारबा बायकोला म्हणाला, "यसू, मी खरंच सोंग तर करत नसेन ना? चढता येतं, मग चालता का येत नाही?"

"सोंग करणाऱ्याला झोपेत कळवळताना पाहिलंय का कुणी?" यसूबाई म्हणाली. "पाय इकडं करा." पण नारबाने पाय जवळ ओढून घेतला. बायकोपुढेही त्याला आता पायाची लाज वाटू लागली होती.

कोमट पाण्याची घमेली मागाच्या खड्ड्यात ठेवून, चार धागे विणून थांबत, पाय पाण्यात शेकत, पुन्हा विणत, त्याने शेला पुरा केला. उत्सवाच्या सकाळी तो डोक्यावर घेऊन नारबा अठरा पायऱ्या चढला. अंगणात एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि पाय रुतले. बोटे वळली, पीळ पडला, आणि शेल्यासकट नारबा फरशीवर कोसळला.

"झालं नाटक सुरू!" दाजीबा म्हणाला.

नारबाने आधी शेला सावरला नाही. धोतर ओढून पाऊल झाकले. हे पाहून ओवरीतले महाराज उठले. ते त्याच्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी ते पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतले.

"महाराज, नको! पाय कसा लावू तुम्हाला? पाप लागेल मला!"

"गप बैस," महाराज म्हणाले. "ओझं फार झालंय तुला. थोडं माझ्याकडे दे."

त्यांनी तळव्यावरून हात फिरवला. काय नवल सांगावे! वळलेली बोटे उलगडली, हात स्थिर झाला. नारबा शेला घेऊन उठला आणि भराभर चालू लागला. अर्ध्या अंगणात असताना मागून लोकांचा गलका ऐकू आला. त्याने वळून पाहिले. महाराज उभे राहू पाहत होते, पण त्यांच्याच पावलाची बोटे आत वळली होती. हात थरथरत होता. दोन पावले टाकून ते सपाट फरशीवर खिळून राहिले, चेहरा वेदनेने पांढरा पडला.

"दाजीबा," महाराज म्हणाले, "पाऊल उचलत नाही रे. मीही सोंग करतो का?"



गाभारा दहा पावलांवर होता. मान हाती आला होता. पण नारबाला तसे पुढे जाण्याची लाज वाटली. तो मागे फिरला, महाराजांपुढे बसला आणि रडत म्हणाला, "माझं मला परत द्या, महाराज. तुम्हाला असं बघवत नाही."

"मरेपर्यंत पुरेल ते. घेशील?"

"घेईन. माझंच आहे ते."

महाराजांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. "बरं, दुखणं घेऊन जा. लाज मात्र मी ठेवून घेतो. ती तुझी कधी नव्हतीच."

पीळ परत आला. नारबाने दात आवळले, पण धोतर ओढले नाही. मग महाराजांनी धुनीतला एक विझलेला कोळसा दाजीबाच्या हातात दिला. "पायरी दिसली की याचं पाऊल उचलतं. तू याला पायऱ्या काढून दे."

दाजीबा गुडघ्यांवर बसला. नारबाच्या पावलापुढे त्याने फरशीवर एक आडवी रेघ ओढली. नारबाने रेघेकडे पाहिले आणि ती ओलांडली! दाजीबा मागे सरकला, दुसरी ओढली. त्याचे पांढरे धोतर काळे झाले, कपाळाचा घाम फरशीवर ठिबकू लागला. सारे गाव बघत होते, आणि कोणी हसत नव्हते. थांबत, कळ सोसत, रेघेमागून रेघ ओलांडत नारबा शेला घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आला.

तिथे रेघ काढायला जागा उरली नाही. दाजीबाने कोळसा खाली ठेवला आणि त्या वळलेल्या पावलावर डोके टेकले. "नारबा, चुकलो रे."

नारबाने पाऊल मागे घेतले नाही.