मागून आणलेलं मेण

"पण कंपन्या त्याच्याकडेच का जातात, स्वामी?"

यशोधन कारखानीसने बसण्याआधीच विचारलं. चढण चढून त्याला धाप लागली होती.

बायको गेल्यापासून जंगमस्वामी घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात एकटेच राहत. मधमाश्या पाळत. हातातली सुरी फडक्याला पुसत ते म्हणाले,

"कोणाकडे?"

"फिरोजकडे. फिरोज मुजावर. होस्टेलवर एका खोलीत होतो आम्ही."

खाली शहर वाढत होतं. पुण्यातल्या गर्दीला कंटाळलेल्या कंपन्या तिथे जागा शोधत होत्या. एका टोकाला फिरोजचं आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला यशोधनचं.

"त्याचं पार्क म्हणजे जुनी सूतगिरणी. जिन्यात चपला पडलेल्या. माणसांना जागा पुरत नाही, व्हरांड्यात बसून कामं करतात. माझ्याकडे सात मजले. काचेच्या भिंती, दोन जनरेटर... दर शनिवारी मी त्याच्या फाटकासमोर गाडी लावून बसतो."

"कशाला?"

"आत किती बस जातात ते मोजतो."

स्वामी हसले नाहीत.

"सोमवारी हैदराबादची कंपनी येतेय. चारशे माणसांची. दोन्ही जागा बघणार. हीसुद्धा तिकडे गेली, तर आमचं संचालक मंडळ मला ठेवणार नाही." तो थांबला. "ती त्याला मिळू नये, स्वामी. एवढा आशीर्वाद द्या."

"तुला मिळावी, असं नाही?"

स्वामी उठले. कुंपणाजवळ दोन पेट्या होत्या. एक काळपट, चिरलेल्या फळीची. तिच्या तोंडाशी माश्यांची सारखी ये-जा. दुसरी नवी, पिवळ्या रंगाची.

"ही पिवळी मीच दिलेली ना, स्वामी, गेल्या वर्षी?"

"हो. रोज पुसतो."

"मग रिकामी कशी?"

स्वामींनी पिवळ्या पेटीचं झाकण काढलं.

"वास घे."

यशोधन वाकला. "कसलाच वास नाही."

"नाही ना?" त्यांनी झाकण परत लावलं. "तुझ्या इमारतीत आत्ता कोण आहे?"

"कोणी नाही. मुद्दामच. मोठी कंपनी आली की तिला मजलेच्या मजले मोकळे दिसायला हवेत."

"आधी होतं कोणी?"

"होत्या दोघी बहिणी. दूध संघांच्या फॅट मोजायच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायच्या. त्यांच्यासारखे आणखी चार-पाच. बहिणींच्या डब्यात रोज मेथी! सगळी लिफ्ट घमघमायची. पाहुण्यांना काय वाटेल? सगळ्यांना नोटिसा दिल्या."

"कुठे गेले?"

यशोधनने पायाजवळचं गवत उपटलं.

"त्याच्याकडे."

"सगळे?"

"सगळे. त्या दोघींकडे आता चाळीस माणसं आहेत, स्वामी. चाळीस!"

स्वामी काळ्या पेटीजवळ जाऊन बसले. एक माशी त्यांच्या मनगटावर उतरली. त्यांनी हात हलवला नाही.

"हीसुद्धा दोन वर्षं रिकामी होती. रिकाम्या पेटीला आतून मेण चोळावं लागतं, त्या वासाने माश्या येतात. ते काम माझ्या बायकोचं होतं... ती गेली आणि राहूनच गेलं. घरातलं मेण संपलं. मग ते दुसऱ्याच्या भरल्या पेटीतलं मागून आणायचं, अशी इथली रीत."

"मग आणायचं."

"जवळचा म्हणजे दरीपलीकडचा धोंडिबा. त्याच्या अकरा पेट्या भरलेल्या. इथून दिसतात."

स्वामींनी दरीकडे पाहिलं. "मला रोज दिसायच्या."

यशोधनने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही?"

"दोन वर्षं."

"मग?"

"गेलो मागायला."

"म्हणजे मी फिरोजच्या दारात जायचं? काय म्हणू? तुझ्या व्हरांड्यातली चार माणसं माझ्याकडे पाठव, म्हणू? मीच हाकललेली?"

"तसंच म्हण."

"हसेल तो."

"हसेल."

"धोंडिबा हसला होता?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

यशोधनने हातातलं गवत टाकलं. खाली शहराकडे पाहिलं. सूतगिरणीची चिमणी इथूनही दिसत होती.

"देईल तो?"

स्वामींनी पिवळी पेटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"ही घेऊन जेवायच्या वेळेला जा. मेथीचे डबे उघडलेले असतील."