फुगलेली बॅटरी आणि शेठची नवी केबिन

जगदाळे शेठचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं मयूरी नावाची पोरगी कामाला होती. एकदा एक लॅपटॉप आला, त्याची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली.

मयूरी म्हणाली, "शेठ, ही काढायला प्लास्टिकची पट्टी आणि हातमोजे आणून द्या. लोखंडाचं टोक आत घुसलं तर भडका उडतो."

शेठ गिऱ्हाइकांसमोर हसले. "काय गं, दिवाळीचा बॉम्ब आहे का तो? स्क्रूड्रायव्हर घाल आणि उचकट. काही होत नाही! नसेल जमत तर उद्यापासून घरी बस."

मयूरीच्या घरी दोन वर्षांची लेक, तिला ह्याच हातांनी भरवायचं. नोकरी सोडून चालत नव्हतं आणि हात भाजूनही चालत नव्हतं.

तिनं लॅपटॉप उचलला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सरळ शेठच्या नव्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या काचेच्या टेबलावर मांडला. "इथं उजेड छान आहे. तुमच्यासमोरच उचकटते, म्हणजे चुकलं तर सांगाल."

टोक बॅटरीकडं वळलं तसे शेठ खुर्चीसकट भिंतीला टेकले. "अगं, थांब! लांब ने ते!"

"किती लांब, शेठ?"

"दुकानाबाहेर! रस्त्याच्या पलीकडं!"

"नेते की. पण माझा हात एवढा लांब नाही हो, तो बॅटरीपाशीच राहणार."

बाहेर गिऱ्हाइकं खो खो हसली. पट्टी आणि हातमोजे आणायला शेठ स्वतःच गेले, तेही मागच्या दारानं.