वाजणारी शाळा

एका गावात एक शाळा होती आणि ती शाळा वाजायची. म्हणजे असे, की दिवस कासराभर वर आला की पोरे एका सुरात धडे म्हणू लागत आणि तो आवाज थेट ओढ्यापर्यंत जाई. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बाया म्हणत, आज शाळा चांगली वाजली. पाहुणेरावळे आले तर त्यांनाही तो आवाज कौतुकाने ऐकवला जाई. शाळेत येऊन कोण काय शिकते हे बघायची कुणाला कधी गरज वाटली नाही. आवाज येत होता, गावाला तेवढे पुरे होते.

शाळेच्या गुरुजींचे नाव दाजीबा. माणूस कष्टाळू, पण गावाच्या शाबासकीला भुललेला. वर्गात कुंभाराचा हैबती होता. त्याला वाचता छान येई. तो पुढे उभा राहून ओळ वाचे आणि बाकीची पोरे ती मागून उचलत. दाजीबाला वाटे, आपला सगळा वर्ग वाचतो.

एकदा भट्टी लावायची म्हणून बापाने हैबतीला घरी ठेवून घेतले. दाजीबाने पुस्तके उघडायला लावली आणि सुरू करा म्हणाला. पहिला शब्द कुणाच्याच तोंडून निघेना. मग त्याने धनगराच्या चिमीला उठवले. हाच धडा तिने आदल्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने म्हटला होता.

"काल तर येत होतं ना गं?"

"मी हैबतीच्या तोंडाकडं बघते, गुरुजी," चिमी म्हणाली. "पुस्तकाकडं बघितलं की चुकतं."

दाजीबाने एकेकाला उठवून विचारले. बहुतेकांची तीच गत. त्या दिवशी घरी त्याला घास गोड लागला नाही. इतके दिवस आपण पोरांना वाचायला शिकवले नाही, न वाचता निभावून न्यायला शिकवले, हे त्याला स्वच्छ दिसले. आणि त्याबद्दल गावाने आपली पाठ थोपटली, हेही दिसले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने सूर बंद केला. एकेका पोराला जवळ घेऊन तो विचारी, घरी काय चाललेय? चिमी म्हणाली, आमची शेळी व्याली. त्याने तेच तिच्या पाटीवर लिहिले. वाक्य तिचे स्वतःचे होते, म्हणून तिने शब्दाखाली बोट धरून ते वाचले, आणि मग शेळी हा शब्द पुस्तकात कुठे सापडतो ते शोधत बसली. हैबतीला त्याने पुढून उठवून कच्च्या पोरांशेजारी बसवले आणि बजावले, सांगायचे नाही, त्यांना अडू दे. अडलेल्या पोरांना एकच वाट दाखवली: शब्द सुटेना तर सोडा, ओळ पुरी करा, ओळ काय म्हणते ते समजून घ्या, मग मागे येऊन शब्द धरा.

शाळेतून आता नुसती कुजबुज ऐकू येई. गाव बेचैन झाले. शाळेची खोली म्हाळोजी पाटलांची होती. ते दारात येऊन उभे राहिले.

"गुरुजी, शाळेत कुणी वारलंबिरलं का?"

पोरे वाचायला शिकताहेत, असे दाजीबाने सांगितले. शिकताहेत तर ऐकू का येत नाही, असे पाटलांनी विचारले. राजाचा तपासनीस गावोगाव फिरत होता. जी शाळा त्याच्या मनाला येत नसे, ती तो बंद करी. आता तो या गावाकडे निघाला होता.

"हैबतीला पुढं उभा करा," पाटील म्हणाले. "एका दिवसाचा प्रश्न आहे. शाळा गेली तर मी या खोलीत कडबा भरीन. आणि तुमची ती चिमी जाईल शेळ्यांमागं, ती कायमची."

हे खोटे नव्हते. शाळा आहे तोवर पोरीला पाठवतो, असे चिमीच्या बापाने सांगूनच ठेवले होते. पोरगी आत्ता कुठे चार ओळी जुळवू लागली होती. शाळा राहिली तर पुढचे शिकवता येईल, एक दिवस खोटे वागलो तर काय बिघडले, अशी दाजीबाने मनाची समजूत घातली.

तपासनीस आला. दमलेला, वैतागलेला, कानात सगळ्या गावांचा गलका घेऊन आलेला. पाटील लाल पागोटे घालून शेजारी बसले. दाजीबाने हैबतीला पुढे उभे केले होते. आता फक्त सुरू कर म्हणायचे होते. त्याने वर्गाकडे पाहिले. चिमीची नजर पुस्तकावरून उठली आणि हैबतीच्या तोंडावर जाऊन बसली. तिच्या शेजारच्याचीही. मग सगळ्या वर्गाची.



"हैबती, खाली बस," दाजीबा म्हणाला. मग तपासनिसाकडे वळला. "सरकार, एका सुरात ऐकाल तर सगळे वाचतात असं वाटेल. ते खरं नाही. काहींना येतं, काहींना अजून येत नाही. एकेकाला विचारा."

पाटील मोठ्याने खोकले. तपासनिसाने खडू घेतला, फळ्यावर एक ओळ लिहिली आणि नेमके चिमीला उठवले.

चिमीने हवेतच शब्दांखाली बोट धरले. "पाट... लांच्या... पागो..." तिथे ती अडली. पाटलांनी कपाळाचा घाम पुसला. हैबतीचे ओठ हलू लागले, तसा त्याने तोंडावर हात दाबून धरला. चिमीने शब्द सोडला आणि ती पुढे गेली. "मुंगळा... आहे."

ती थांबली. तिने पाटलांकडे पाहिले, मग पाटलांच्या डोक्याकडे. मग बोट मागे आणून म्हणाली, "पागोट्यावर."

तिने पुस्तक खाली ठेवले, पाटलांपाशी गेली, "काका, हलू नका," म्हणाली आणि मुंगळा टिचकीने उडवला.

वर्ग खदखदून हसला. पाटलांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे त्यांना सगळ्यांत शेवटी कळले. तपासनीसही हसला, बहुधा बऱ्याच गावांनंतर पहिल्यांदा.

"पलीकडच्या गावात मी लिहिलं, दारात बैल आला आहे," तो म्हणाला. "सगळ्या वर्गानं मला कमळाच्या तळ्याचा धडा म्हणून दाखवला. बैल आत शिरला, तरी म्हणतच होते."

शाळा राहिली. ज्यांना अजून येत नाही त्यांना पुढच्या खेपेला आधी विचारीन, एवढे बजावून तपासनीस गेला. दाजीबा तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. हैबती जवळ आला.

"गुरुजी, म्हणजे आता मला रोज ओरडायचं नाही?"

"नाही रे."

"बरं झालं. घसा लई दुखायचा."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावरच्या बायांनी वाटेने चाललेल्या पाटलांना विचारले, शाळा आजही कशी वाजेना?

"आत पोरं वाचत्यात," पाटील पागोटे सावरत म्हणाले. "तुम्ही जरा हळू धुवा."

तात्पर्य: वर्गाच्या गलक्याने गाव खूश होते, पण वाचता येते का हे एकेका पोराला विचारूनच कळते, ते विचारायला जो भितो, त्याने शाळा काढू नये, पोपट पाळावेत.