चौथा दगड

फार फार पूर्वी, इतक्या पूर्वी की तिथल्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. त्या नगरात घरोघर कापूस पिंजला जाई. थंडीत नवा कापूस आला की दिवसभर पिंजण्याचा आवाज घुमे आणि हवेत बारीक तंतू तरंगत राहत. नगराचं पोट त्या कापसावर चाले, आणि नगराला दमाही त्या कापसानेच दिला होता.

दमेकऱ्याची छाती शिट्टी वाजवते, हे तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. नगरातल्या वैद्यराजांनी त्या शिट्टीवरून एक माप काढलं होतं. त्यांनी आपल्या अंगणात तीन दगड रोवले. एक ओट्याला लागून, एक अंगणाच्या मधोमध आणि एक थेट फाटकात. रोगी ओट्यावर बसला की शिष्य दगडांवर उभे राहून कान देत. शिट्टी ओट्याच्या दगडावरच राहिली तर दमा साधा, मधल्या दगडापर्यंत आली तर जड, आणि फाटकापर्यंत पोचली तर जिवावरचा. ज्याची शिट्टी सगळ्यांत दूर जाईल त्याला औषध आधी.

माप खरंच चांगलं होतं. त्याआधी ज्याची ओळख मोठी त्याचा नंबर पहिला लागे, ते सगळं बंद झालं. राजाने खूश होऊन गावोगावी असे दगड रोवायचा हुकूम काढला. वैद्यराज मनाने साधे, पण इतकं कौतुक झाल्यावर कुणाची मान थोडी ताठ होणार नाही? हळूहळू ते रोग्याकडे कमी आणि दगडांकडे जास्त बघू लागले.

हे माप त्यांना सुचलं होतं ते धाकट्या भावामुळे. भिवाला लहानपणापासून दमा. त्याची शिट्टी परसात ऐकू आली की आई हातातलं काम टाकून धावे, आणि माजघरातच राहिली की निवांत भाकरी थापे. आईच्या त्या धावण्यावरून थोरल्याने माप शिकून घेतलं. पुढे थोरला वैद्य झाला, धाकटा वडिलांचा कापूस पिंजत राहिला. पण दोघांचा एकमेकांवर फार जीव होता.

एका वर्षी कापूस अमाप आला आणि दम्यानेही नगराला घेरलं. डोंगरमाथ्यावरच्या एका झुडपाचा काढा दम्यावर उतारा होता, पण तो संपत आला. झुडूप आणायला गेलेली माणसं संध्याकाळशिवाय परतणार नव्हती. भर दुपारी वैद्यराजांकडे एक वाटीभर काढा उरला होता, आणि तेवढ्यात सगुणा नवऱ्याला बैलगाडीत घालून घेऊन आली. तो भिवा होता.

भिवाची शिट्टी गाडी थांबायच्या आधीच रस्त्यावर ऐकू येत होती. वैद्यराज धावत गाडीपाशी गेले. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, धोतऱ्याच्या पानांची धुरी दिली आणि काढ्याची वाटी हाताशी आणून ठेवली.

"फाटकावर ऐकू येतंय!" शिष्य ओरडला.

वैद्यराजांनी वाटी उचलली. पण तेवढ्यात दुसरा शिष्य म्हणाला, "गुरुजी, थांबा. फाटकावर आता नाही. मधल्या दगडावर आहे."

धुरी लागू पडली होती तर! वैद्यराजांच्या जिवात जीव आला. थोड्या वेळाने शिट्टी ओट्याच्या दगडावर आली, आणि मग तिथेही ऐकू येईना. शिष्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

त्याच वेळी माणसांनी नगराच्या कोतवालांना आधार देत फाटकातून आणलं. त्यांच्या छातीतून अशी शिट्टी निघत होती की शेजारची माणसं घराबाहेर आली. तिन्ही दगडांवर एकच गलका झाला. वैद्यराज वाटी घेऊन कोतवालांकडे वळले.

"भावजी," मागून सगुणा म्हणाली, "हे माझ्याशी बोलत नाहीत."

"दमलाय तो. झोपू दे."

"मी विचारलं, पाणी देऊ का? तर 'पा' म्हणाले आणि थांबले. पुढचं निघेना."

"सगुणा, शिट्टी ऐकू येते का तुला?"

"नाही."

"मग? दमा उतरलाय. उगाच घाबरू नकोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण थोरल्या दिरापुढे ती काय बोलणार? कोतवालांनी वाटी तोंडाला लावली. निम्मा काढा त्यांच्या पोटात गेला.

वैद्यराजांना तिचा उतरलेला चेहरा बघवेना. तिची समजूत पटावी, एवढ्याचसाठी ते वाकले आणि त्यांनी भावाच्या छातीला कान लावला.

शिट्टी नव्हती. पण श्वासाचा आवाजही नव्हता. वर्षानुवर्षं कान लावून ओळखीची झालेली ती छाती आतून अगदी गप्प होती.

त्यांनी दचकून मान वर केली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच भावाचा चेहरा नीट पाहिला. ओठ काळेनिळे पडले होते. गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढवून भिवा तेवढा एक श्वास मिळवायला झगडत होता, आणि त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. शिट्टी वाजायलाही थोडा वारा लागतो. भिवाकडे तेवढाही उरला नव्हता.

"अरे देवा!" वैद्यराज ओरडले. ते धावले आणि त्यांनी कोतवालांच्या ओठांपासून वाटी ओढून घेतली.

कोतवाल भडकले. "अहो वैद्यराज, हा काय न्याय म्हणायचा? माझी शिट्टी फाटकाबाहेर जातेय, सगळ्या आळीने ऐकलीय, आणि तुम्ही माझ्या तोंडातला काढा काढून घेता?"

"कोतवाल, एवढं सगळं तुम्ही एका दमात बोललात," वैद्यराज म्हणाले. "तुम्ही थांबू शकता. त्याला एक शब्द पुरा करता येत नाही."

त्यांनी भावाला मागून छातीशी धरलं आणि काढा थेंबाथेंबाने त्याच्या जिभेवर सोडला. सगुणा त्याचे पाय धरून बसली. वाटी रिकामी झाली, तरी छाती गप्पच. वैद्यराजांना आईची आठवण झाली. आई नुसती शिट्टी ऐकून थांबत नसे, भाकरी थापायला बसण्याआधी जवळ येऊन भिवाचं तोंड आपल्याकडे वळवून बघे. एवढी साधी गोष्ट मापात घ्यायची राहून गेली होती, आणि त्यापायी आज भाऊ हातातून चालला होता.

मग कानाशी अगदी बारीक, एक चिरका आवाज आला. ओट्याजवळच्या शिष्याने तोंड पाडून सांगितलं, "गुरुजी, शिट्टी परत आली."

"येऊ दे रे!" वैद्यराज रडत रडत म्हणाले. "येऊ दे. फाटकापर्यंत येऊ दे!"

आणि ती आली. मधल्या दगडावर आली, फाटकावर आली, आणि पुष्कळ वेळ तिथे वाजत राहिली. सूर्य कलला तेव्हा ती हळूहळू मागे फिरली, आणि या वेळी तिच्यामागोमाग भिवाचे ओठ लाल होत गेले. "सगुणे," तो म्हणाला, "पाणी दे, आणि त्या कोतवालांनाही विचार." सगुणा हसली, मग पदरात तोंड लपवून रडली.

कोतवालांना उरलेला दिवस धुरीवर काढावा लागला. ते बरे झाले, आणि पुढे जन्मभर ही गोष्ट स्वतःच्याच मोठेपणाची म्हणून सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी वैद्यराजांनी ओट्यावर रोग्याच्या अगदी समोर चौथा दगड मांडला, बुटका आणि सपाट. इतर तीन दगड उभं राहून ऐकायला होते, हा बसायला होता. ज्याची शिट्टी कुठल्याच दगडावर ऐकू येत नाही त्याच्यासमोर या दगडावर बसायचं, त्याचा चेहरा बघायचा, आणि त्याच्याकडून एक आख्खं वाक्य बोलून घ्यायचं, असा त्यांनी नियम केला. राजाला निरोप गेला आणि गावोगावच्या ओट्यांवर चौथे दगड आले.

म्हणतात, पुढे त्या तीन दगडांवर शेवाळ चढलं, पण चौथा मात्र बसून बसून गुळगुळीत झाला.

दुखण्याचा आवाज थांबला म्हणून दुखणं थांबलं, असं कधी धरू नये.