भागुजीच्या साच्याची खोड

नदीपलीकडच्या एका गावात भागुजी नावाचा सुतार राहत होता. त्याने केलेली बाज नातवंडांच्या काळातही कुरकुरत नाही, असं लोक सांगत. पण वय झालं तसा त्याचा हात थरथरू लागला. लाकडात खाच पाडायला बसावं, तर पटाशी भलतीकडेच सरके. आणि खाच सरकली की तिच्यात बसणारं आडव्या दांड्याचं टोक, म्हणजे कुसू, धड बसत नाही.

मग भागुजीने लाकूड कोरणारं राऊटर मशीन आणलं. मशीनला वाट दाखवायला प्लायवूडचा साचा त्याने स्वतःच केला. फळीत एक लांबट फट, आणि फळीखाली लाकडाला बिलगणारी पट्टी. साचा लाकडावर बसवायचा, फटीतून मशीन फिरवायचं, की खाच तयार. फट बरोबर मधोमध आहे, साचा कुठूनही लावा, असं तो पारावर बसून सगळ्यांना सांगू लागला.

पूर्वी लाकूड रंधून झालं की तो त्याच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलीने खूण करायचा आणि सगळी मापं त्याच बाजूने घ्यायचा. ती सवय आता त्याने सोडली. फट मधोमधच असेल, तर उजवं काय नि डावं काय.

पुढे त्याची लेक मंदा बाळंत झाली. बारशाच्या पाळण्यासाठी भागुजीने सागवानी चौकट करायला घेतली. लाकूड हाताला येईल तसा साचा लावला, कधी या बाजूने, कधी त्या.

चौकट जोडताना एक पाय जमिनीवर टेकेना. फट मधोमध नव्हती. अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या हिश्शाने, एका अंगाला होती. त्यामुळे एक खाच पुढे सरकलेली, दुसरी मागे. भागुजीला ते तिथेच कळलं. पण बारसं तोंडावर आलं होतं, आणि पारावर बोलूनही झालं होतं. त्याने कुसं ठोकून बसवली, उरलेल्या भेगा सरस-भुशाने बुजवल्या, टेकत नव्हता त्या पायाखाली चकती मारली आणि वरून पॉलिश केलं. चौकट देखणी दिसू लागली.

बारशाला बायका जमल्या. रीतीप्रमाणे बाळाच्या आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्यात ठेवला. भागुजीची बायको हौसाबाई हिने झोका दिला. चौकट कुरकुरली.

"नवं लाकूड आहे, कुरकुरणारच," हौसाबाई म्हणाली. मंदाने बाळ पुढे केलं.

भागुजीला कुणी काही विचारलं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. एवढ्याशा जिवाचं वजन ते किती, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. अशा वेळी आपलं मन आपल्याला फार समजून घेतं.

"बाळ ठेवू नका त्यात," तो म्हणाला. "लाकडाचा दोष नाही. खाचा माझ्या चुकल्यात."

मंदाने बाळ मागे घेतलं. मग कुणीतरी लुगड्याची झोळी बांधली आणि बाळाचं नाव झोळीतच ठेवलं. बाळाचं काही अडलं नाही. ते केव्हाच झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी भागुजीने चौकट मोकळी केली. गावातला दुसरा सुतार, सोपान मिस्त्री, मुद्दाम बघायला आला.

"काय भागुजीअण्णा, फट मधोमध होती ना?"

"नव्हती."

साच्याच्या एका कडेवर भागुजी लाल पेन्सिलीने खूण करत होता. नव्या लाकडांच्या दर्शनी बाजूवरही तशीच खूण होती. आता खुणेला खूण लावायची. मग सगळ्या खाचा एकाच अंगाला सरकणार, आणि चौकट सरळ बसणार.

"एवढा खटाटोप कशाला? साचा नवाच करा की," सोपान म्हणाला.

"नवा केला तर त्याची खोड शोधत बसावं लागेल. याची मला ठाऊक झालीय."

नवी चौकट उभी राहिली तेव्हा हौसाबाईने पुन्हा आधी वरवंटाच ठेवला. कान लावून लांब झोका दिला. मग वरवंटा काढला आणि बाळासाठी हात पुढे केले.

तात्पर्य: अर्ध्या सुताची चूक प्रत्येकात असते, आईबापांत तर असतेच, ती झाकली तर भार पोरांवर येतो, आणि ओळखून तिच्यावर खूण केली, तर तिच्यासकटही काम सरळ होतं.